मिरचीचे हात

नंदुरबारच्या मिरचीची गाडी कुणी आवडीने घेत नाही. केळीची फेरी असली, कापसाची असली, तर ड्रायव्हर आपसात भांडतात. मिरचीची म्हटली की प्रत्येकाला घरचं काहीतरी काम आठवतं, कुणाची सासू आजारी पडते, कुणाचा गुडघा धरतो. पोती चढताना जो खकाणा उडतो तो नाकातून थेट डोक्यात जातो. ताडपत्री कितीही आवळा, केबिनमध्ये दिवसभर शिंका. म्हणून ही गाडी नेहमी अशा माणसाकडे येते ज्याला नाही म्हणायची सोय उरलेली नसते. त्या वर्षी नंदुरबारात असा माणूस शोधायला फार लांब जावं लागलं नाही, मीच शेठच्या दारात उभा होतो.

त्याआधी मी एका शाळेची पिवळी बस चालवायचो. सकाळी गावोगावची पोरं गोळा करायची, दुपारी परत नेऊन सोडायची. काम बरं होतं. पोरं मला ड्रायव्हरकाका म्हणायची, आणि त्यातली एक मला पप्पा म्हणायची, कारण ती माझीच होती आणि माझ्या मागच्या सीटवर बसायची. खिडकीला कपाळ टेकवून ती रस्त्यातले बैल मोजायची आणि चुकली की पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची.

मग खापरला बायकोच्या मावसबहिणीची हळद आली. मित्राची गाडी मागून आणली होती. मांडवाच्या मागे बाटली फिरत होती, आणि फिरती बाटली माझ्यापाशी येऊन पुढे गेली असं तोवर कधी झालं नव्हतं. निघताना बायको म्हणाली, "आते तुमी गाडी नका चलावू. दुसरा कोनले तरी सांगा." मी म्हणालो, "तू गुपचूप बठ. मन्हा रोजना रस्ता शे हाऊ." तो माझा रोजचा रस्ता नव्हता. अक्कलकुव्याच्या अलीकडे रस्त्याच्या कडेला उसाची ट्रॉली उभी होती, दिवसाउजेडी, सगळ्या जगाला दिसत होती. मला दिसली नाही.

बायकोला मुका मार लागला, मला काहीच झालं नाही. पोरीची भुवई फुटली. रक्त डोळ्यात उतरलं तेव्हा तिला वाटलं डोळाच गेला, आणि ती "मन्हा डोया, मन्हा डोया" करत राहिली. पोलीस आले, त्यांनी मशीन माझ्या तोंडाला लावलं, मी फुंकलं, आणि पुढचं सगळं ज्याचं त्याने रीतीप्रमाणे केलं. केस झाली, कोर्टात दंड झाला, आरटीओने लायसन काही महिन्यांसाठी काढून घेतलं. शाळेने मला त्याच आठवड्यात काढलं. त्यांचं काही चुकलं नाही. मी त्यांच्या जागी असतो तर काढायच्या आधी दोन थोबाडीतही दिल्या असत्या.

बायको पोरीला घेऊन म्हसावदला माहेरी गेली. सासरे वाईट माणूस नाही. मी घ्यायला गेलो तेव्हा त्यांनी मला ओट्यावर बसवलं, चहा पाजला आणि मग म्हणाले, "पाव्हना, मिरचीना एक हंगाम दारू सोडी दखाडा. मंग पोर अन् नात मी सोता आनीसन सोडसू." आमच्याकडे असे करार असेच होतात, बोलून. बायको दाराआड उभी होती. ती काही बोलली नाही, पण आत गेलीही नाही, म्हणजे तिलाही ते मान्य असावं असं मी धरून चाललो. पुढचे सगळे महिने मी त्या एका धरून चालण्यावर काढले.

लायसन परत मिळालं आणि मी नंदुरबारातल्या ट्रान्सपोर्टवाल्यांचे उंबरे झिजवायला लागलो. आपलं नंदुरबार दिसायला मोठं आहे, पण एखाद्याची अब्रू गेली की ते आमच्या कोरीट गावाएवढंच होतं. मी तोंड उघडायच्या आधी समोरच्याला ट्रॉलीची गोष्ट माहीत असायची. एकाने तर मला नीट बसवून घेतलं, चहा मागवला, सगळी गोष्ट माझ्या तोंडून पुन्हा ऐकली आणि मग म्हणाला, जागा नाही. शेवटी मिरचीच्या शेठकडे गेलो. तो खुर्चीत बसून वाळक्या मिरच्या हातात खुळखुळवत होता. मिरची किती वाळली ते तो आवाजावरून ओळखतो. माझ्याकडे न बघताच म्हणाला, "मिरचीनी गाडीवर जाशी का? तठे झोप लागत नही अन् नशाबी चढत नही. तुन्हासाठे चांगलं शे."

मला राग आला होता. पण मी गाडीची चावी घेतली.

बस चालवणाऱ्याला वाटतं, ट्रक म्हणजे काय, तीच चार चाकं जास्त. तसं नसतं. बसमध्ये मागे माणसं असतात, ती ओरडतात, सांगतात, हळू घ्या म्हणतात. ट्रकमागचा माल बोलत नाही, तो नुसता ढकलतो. पहिल्या फेरीला उतारावर ब्रेक दाबला आणि गाडी थांबायच्या ऐवजी विचार करत पुढे जात राहिली, तेव्हा मी सीटवरून उठून ब्रेकवर उभाच राहिलो. प्रकाशाच्या पुलावर तापीचं पाणी दोन्ही बाजूंनी दिसायला लागलं की मी श्वास धरायचो आणि पूल संपल्यावर सोडायचो. माझा वेग बघून मागचे ड्रायव्हर हॉर्न मारायचे. एवढा बाप्या माणूस आणि गाडी नव्या नवरीसारखी चालवतो, असं ते ढाब्यावर माझ्यादेखत बोलायचे. बोलू दे. मला एकच गोष्ट करायची होती, हंगाम संपेपर्यंत कोरडं राहायचं आणि गाडी सरळ ठेवायची.

कोरडं राहणं लोक समजतात तेवढं अवघडही नव्हतं आणि मी सांगायचो तेवढं सोपंही नव्हतं. दुपारी अंगात एक खाज उठायची, ती संध्याकाळपर्यंत राहायची. मी शेंगदाणे खायचो. खिशात कायम शेंगदाणे. टरफलांनी केबिन भरायची आणि शेठ शिव्या द्यायचा.

पण माझी फजिती झाली ती दारूने नाही, मिरचीने.

गावाबाहेर पथारी असतात, म्हणजे उघडी मैदानं, त्यांवर ओली लाल मिरची वाळायला पसरलेली असते. लांबून बघणाऱ्याला ते फार सुंदर दिसतं म्हणे, लोक फोटो काढायला येतात. आम्ही त्यात उभे असतो. गाडी भरताना ड्रायव्हरला पोत्यांवर चढून दोर आवळावे लागतात, आणि एकदा का ती पूड हाताला लागली की दिवसभर हात जिथे जाईल तिथे आग. डोळ्यांना लावायचा नाही हे कळतं, पण घाम आला की हात आपोआप वर जातो. पंधरवड्यात माझे डोळे असे लाल झाले की आरशात मलाच वाटायचं, हा पिऊन आलाय. आवाज बसला. नाक गळायला लागलं आणि मग हळूहळू मेलंच, कशाचाच वास येईना. डाळ आणि डिझेल सारखंच लागायचं.

आता विचार करा. दारू पिऊन गाडी ठोकलेला माणूस, लाल डोळे, घोगरा आवाज, रुमालाने नाक पुसत कोरीटच्या पारावरून घरी चाललाय. गावाने काय समजावं? गावाने तेच समजलं. "सकायपासूनच लावेल दिसस," असं मला ऐकू येईल इतक्या हळू बोलायचे. पहिल्यांदा मी हसलो. दुसऱ्यांदा थांबून सांगितलं, अरे बाबांनो, मिरचीवर आहे मी. ते म्हणाले, हो का, हो हो, मिरचीच असणार. त्या हो-होने माझं डोकं फिरलं. तिसऱ्यांदा मी एकाची गचांडी धरली, आणि मग काय, शिक्कामोर्तबच झालं.

आई तेवढी माझ्या बाजूने होती. जेवायला वाढताना म्हणाली, "ताडना झाडखाले बशीसन दूध पिधं तरी लोके ताडीच म्हनतस, दादा. तू ध्यान नको देऊ." मला बरं वाटलं. मग तिने भाकरी वाढली, माझ्या डोळ्यांकडे पाहिलं आणि आवाज खाली करून विचारलं, "पन खरं सांग, पिधी नही ना?" मी ती भाकरी टोपल्यात परत ठेवली.

खापरच्या पुढे गुजरातची हद्द लागते. तिकडे दारूबंदी, त्यामुळे नाक्यावर तपासणी कडक. तिकडच्या पहिल्या फेरीला तिथल्या पोलिसाने माझे डोळे बघितले आणि लॉटरी लागल्यासारखा खूश झाला. मला खाली उतरवलं, मशीन तोंडाला लावलं. मी फुंकलं. त्याने मशीनकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, मशीन झटकलं, पुन्हा फुंकायला लावलं. शून्य. मग त्याने ताडपत्रीचा कोपरा उचलला, जोरात शिंकला आणि हसत म्हणाला, "मरचां छे?" मी म्हणालो, "हा साहेब, मरचां." त्याने माझ्या पाठीवर थाप मारून मला सोडलं. पुढे अर्धा-एक किलोमीटर गेल्यावर मी गाडी बाजूला घेतली आणि रडलो. ट्रॉलीच्या जागेवरून जाताना मी रडलो नव्हतो, इथे एका अनोळखी पोलिसाच्या मशीनने मला खरं ठरवलं म्हणून रडलो. त्यानंतर मला त्या नाक्याची ओढच लागली. घरी जाताना भीती असायची आणि नाक्यावर जाताना नसायची.

हंगामाच्या मध्यावर एकदा शहाद्याला फेरी होती, तिथून म्हसावद जवळच. मी पोरीला भेटायला गेलो. ती पळत आली. तिच्या भुवईवरचा व्रण आता पांढरा पडला होता, त्या जागी केस उगवले नव्हते. मी खाली बसलो आणि तिचे गाल दोन्ही हातांत धरले. मी हात धुतले होते, साबणाने, दोनदा. पण मिरची पाण्याला जुमानत नाही. क्षणभर ती हसत राहिली, मग तिचा चेहरा बदलला, आणि ती डोळे धरून किंचाळली. बायकोने तिला उचलून आत नेलं, दुधाने तोंड धुतलं, दही लावलं, पंख्याखाली धरलं. मी बाहेर ओट्यावर बसून तिचं रडणं ऐकत होतो. कुणी मला बोललं नाही. सासूबाईंनी चहासुद्धा आणून दिला. पण ज्या पोरीचा डोळा माझ्यामुळे जाता जाता राहिला, ती पुन्हा डोळे धरून रडत होती, आणि या वेळी तर मी प्यायलेलोही नव्हतो. माझ्या नशिबावर मला थुंकावंसं वाटलं.

त्यानंतर फोनवर ती म्हणायची, "पप्पा, तुमी या, पन माले हात नका लावू." ती सहज बोलायची, पोरं बोलतात तसं. मी हो म्हणायचो आणि फोन ठेवल्यावर माझ्या हातांकडे बघत बसायचो.

मार्च सरत आला, उन्हं तापली, मोहाची फुलं पडायला लागली. शेठ म्हणाला की शेवटची गाडी म्हसावदच्या एका मोठ्या शेतकऱ्याच्या खळ्यावरून भरायची आहे. ती फेरी मी मागून घेतली, अगदी हात जोडून. हंगाम पुरा झाला होता. मी एक थेंब घेतला नव्हता. सासऱ्यांना आदल्या दिवशी फोन केला तर ते म्हणाले, "या पाव्हना, जेवनच इकडे करा. पोरले सांगी ठेवस, बॅग भरी ठेव." बॅग भरून ठेव. हे शब्द मी रात्रभर तोंडात घोळवले.

पोरीसाठी मी फ्रॉक घेतला होता, पिवळा. केबिनमध्ये मिरचीची पूड उडते म्हणून तो एका पिशवीत, ती पिशवी दुसऱ्या पिशवीत आणि ती तिसऱ्या पिशवीत घालून सीटखाली ठेवला होता. खळ्यावर दुपारपर्यंत गाडी भरून झाली. शेवटचे दोर मीच आवळले. गाडी खळ्याच्या कडेला लिंबाखाली लावली, हातपाय धुवायला विहिरीवरच्या मोटारीच्या पाण्यापाशी गेलो आणि हात धुवत बसलो. साबण लावला, माती लावली, पुन्हा साबण. मग मनगटाचा आतला भाग जिभेला लावून बघितला. जीभ भाजली. तिथेच माझा धीर सुटला. हेच हात घेऊन जायचं होतं.

खळ्यावर मिरची निवडायला डोंगरातल्या बाया आल्या होत्या. त्यांतली एक म्हातारी माझं हे चाललेलं मघापासून बघत होती. म्हणाली, "भाऊ, पानीघाई आग जात नही. कितीक धोशी?" मी तिला सांगितलं की पोरीला भेटायला चाललोय, मागच्या वेळी असं झालं होतं. तिने आपल्या गाठोड्यातून एक बाटली काढली. मोहाची दारू, ताजी. मी मागे सरकलो. ती हसली, "पिवाले नही रे. आम्ही सांजले हाते याघाईच धोतस. पोरले हात लावाना शे ना? मंग चोय."

खरं आहे ते. मिरचीची आग दारूत उतरते, पाण्यात उतरत नाही. हे पथारीवरच्या सगळ्या बायांना ठाऊक असतं, आणि मीही त्यांना हात चोळताना कितीदा पाहिलं होतं. मी दोन्ही हातांची ओंजळ पुढे केली. तिने ओतली. माझ्या तोंडाला पाणी सुटलं, हे मी कशाला लपवू? ओंजळभर होती, तोंड दोन वितींवर होतं, आणि म्हातारीशिवाय बघणारं कुणी नव्हतं. मी हात चोळले. बोटांच्या बेचक्या, नखं, मनगटं, कोपरापर्यंत. तिने पुन्हा ओतली, पुन्हा चोळले. थोडी बाह्यांवर सांडली. मग जीभ लावून बघायचं धाडस केलं नाही, मनगट ओठाच्या कडेला घासलं. आग नव्हती. नंतर साबणाने हात धुतले, वास घेऊन बघितला. काहीच वास येत नव्हता. मला वाटलं, गेला.

माझं नाक मेलेलं होतं. कित्येक महिने मला कशाचाच वास येत नव्हता, आणि हे मला माहीत होतं. तरी मी वास घेऊन बघितला आणि निश्चिंत झालो. पुढे कित्येक दिवस मी या एका गोष्टीवरून स्वतःला शिव्या दिल्या आहेत.

फ्रॉकची पिशवी काखेत धरून मी सासऱ्यांच्या गल्लीत शिरलो. चालताना मी हात अंगापासून लांब धरले होते, आता ते कशाला लागून पुन्हा खराब होऊ नयेत म्हणून. म्हणजे चाललो असेनही जरा विचित्रच. सासरे ओट्यावर होते. पोरगी उंबऱ्यात उभी होती, नवी वेणी घातलेली, आणि तिच्या मागे भिंतीला टेकून बॅग उभी होती. ती बॅग मी डोळे भरून बघितली. सासरे हसत उठले, दोन पावलं पुढे आले आणि थांबले. त्यांचं हसू तिथेच राहिलं, नुसतं तोंडावर, मागे काही नाही.

"पाव्हना," ते म्हणाले, "आज तरी पिवाले नही जोयजे व्हती."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. मी म्हणालो, "मी पिधी नही मामा! हाई दखा, मी फुकस तुमना तोंडवर."

"नका फुकू," त्यांनी मान फिरवली. "डोयास्ले दिसी ऱ्हायनं, नाकले कळी ऱ्हायनं."

शांतपणे सांगता आलं असतं. मिरची, आग, म्हातारी, बाटली, सगळं ओळीने. पण माझा स्वभाव मला ठाऊक आहे आणि त्यांनाही. मी ओरडलो. पुरा हंगाम मी मरमर मेलो म्हणालो, नाक्यावरच्या पोलिसाला विचारा म्हणालो, मशीन आणा, आत्ताच्या आत्ता मशीन आणा. आवाज फाटलेला, डोळे लाल, अंगाला मोहाचा वास, हात हवेत. दाराखिडक्यांतून लोक बघायला लागले. त्यांनी जे बघितलं ते मीही बघितलं असतं, तर मीही तेच म्हणालो असतो. सासूबाईंनी पोरीला आपल्याजवळ ओढून घेतलं. पोरीने आपला गाल आपल्याच तळहाताने झाकून घेतला होता.

तेव्हा बायको बाहेर आली. ओट्यावरून उतरली, सरळ माझ्यासमोर आली आणि तिने माझे दोन्ही हात धरले. ते नाकाशी नेऊन वास घेतला. मग टाचा उंचावून माझ्या तोंडाजवळ आली आणि तिथला वास घेतला, साऱ्या गल्लीदेखत. मग ती वळली.

"आबा, यास्नी पिधी नही. हातले वास येस, तोंडले नही. मिरचीनी आग काढाकरता चोयेल शे. आपल्या बाया बी तेच करतस."

सासऱ्यांचा चेहरा उतरला. माणूस सरळ आहे, चूक कळली की लगेच कबूल करतो. ते माझ्याजवळ आले, माझा खांदा धरला. "मन्ही चुकी व्हयनी पाव्हना. माफ करा. जा बेटा, बॅग आन."

बायको जागची हलली नाही. "थांबा," म्हणाली. "माले यास्नासंगे बोलनं शे."

घरामागे गोठ्याशेजारी पाण्याचा हौद आहे, तिथे आम्ही उभे राहिलो. माझं मन इतकं हलकं झालं होतं की मी हसत होतो. मशीनपेक्षा मोठी साक्ष मिळाली होती. मी म्हणालो, तू नसतीस तर आज मला गल्लीने मारलं असतं. ती हसली नाही. पाण्याकडे बघत बोलायला लागली.

"तुमी पिधी नही, माले म्हाईत शे. आज नही, पुरा हंगाममा नही. मी मिरचीना घरनी पोर शे, माले डोयास्नं काय सांगतस."

"मंग?" मी म्हणालो.

"तुमी दारमा उनात. दोन महिनामा पहिलांदाव मी तुमले दखं. अन् मी पहिले काय करं? वास लिन्हा. रोज संध्याकाये तुमी घर येशात. मी पहिले वास लेसू, मंग पानी देसू. पोर पहिले तुमना डोया दखी, मंग तोंड. आज तुमी खरं ठरनात. उद्या पुन्हा खरं ठरनं पडी. परवाबी. जनमभर मी हाईच करू का?"

मी म्हणालो, "मंग मी काय करू, सांग. तू सांगशी ते करस."

"काहीच नका करू. तुमी करी ऱ्हायनात ते बरोबर शे." तिचा आवाज कुठेच चढला नाही. "मन्हामाच आते काही उरनं नही."

ती भांडली असती तर मी जिंकलो असतो. खोटारडा म्हणाली असती, तर सिद्ध करायला अख्खा हंगाम माझ्याकडे होता. तिने तर सगळं मान्य केलं होतं. तिने माझ्या बाहीला लागलेलं एक मिरचीचं बी चिमटीत धरून काढलं आणि खाली टाकलं, अगदी पूर्वीसारखं, आणि आत गेली.

आजही तिचं चुकलं असं मला म्हणता येत नाही. म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं. मी अजून मिरचीच्याच गाडीवर आहे, अजून पीत नाही. का पीत नाही असं कुणी विचारलं तर मला उत्तर देता येत नाही. सवय झाली म्हणतो. शेठ खूश आहे, त्याला असा ड्रायव्हर मिळणार नाही. गावाला मात्र काही फरक पडलेला नाही. डोळे लालच आहेत.

त्या दिवशी मी पुढच्या दाराने परत आलो. सासरे काहीतरी बोलत होते, जेवून जा म्हणत होते. बॅग भिंतीशी होती तशीच होती. पिवळ्या फ्रॉकची पिशवी मी ओट्यावर ठेवली. पोरगी आजीच्या आडून बघत होती, गालावरचा हात तिने अजून काढला नव्हता. माझे हात मी तिला लांबूनच दाखवले, दोन्ही बाजूंनी, बघ म्हणून. ती आली नाही, आणि मी बोलावलं नाही.

खळ्यावर येऊन गाडीत बसलो. चावी फिरवली, पण समोरचं काही दिसेना, सगळं पाणीच पाणी. रुमाल सापडला नाही तेव्हा मी तळहातांनीच डोळे पुसले, चांगले खसाखसा चोळून पुसले, आणि सवयीने आग होण्याची वाट बघत बसलो. आग झाली नाही. हात इतके स्वच्छ निघाले होते.